म्याडम म्हणाल्या, वजन वाढवा

चहा संपवा आधी. मग सांगते. नाहीतर ऐकताना तुम्हाला ठसका लागायचा आणि त्याचा दोषही माझ्याच माथी यायचा!

आमचं उत्रोलीत घर, भाताची शेती. कापणीत डोक्यावर भारा घेऊन बांध उतरताना माझा पाय घसरला. भारा एकीकडं, मी दुसरीकडं आणि गुडघा तिसरीकडंच! आतलं लिगामेंट फाटलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण पट्टा बांधा, विश्रांती घ्या, मग व्यायाम करून पायात ताकद आणा.

विश्रांती! आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हा शब्द शिवीसारखा लागतो. "आमी काय कदी पडलो न्हाई व्हय?" एवढंच म्हणाल्या. पण येता-जाता म्हणाल्या.

पट्टा निघाल्यावर भोरला व्यायामाच्या म्याडमकडं जायला लागले. सोबत आत्याबाई. सोबत कसली, पाळतच! सून खरंच लंगडते का नाटक करते, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं त्यांना.

म्याडम चांगल्या. झोपून पाय सरळ उचलायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा, असं शिकवलं. एकदा त्यांनी माझी मांडी चाचपली आणि म्हणाल्या, "काकू, किती वाळलीय ही! ताकद भरायला पाहिजे. आता वजन वाढवत न्या. हळूहळू, एकदम नाही. बाहेर मावशी बसल्यात, त्या दाखवतील कसं करायचं ते."

आता मावशी काय दाखवणार होत्या? मला काय माहीत! आमची एसटी सुटायला आली होती. आम्ही दोघी मावशींच्या पुढून पळत गेलो. म्हणजे आत्याबाई पळाल्या, मी फरफटले.

गाडीत बसल्यावर आत्याबाईंनी तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग हळूच म्हणाल्या, "वजन वाडवा म्हंजी… खायाला घालायचं म्हनती का ती?"

"तसंच म्हणल्या की. तुमच्यासमोरच म्हणल्या."

"कुनाला? तुला?"

"मग काय तुमाला?"

खरं सांगू? माझ्या मनातही शंका आली होती. जगात ज्याचा गुडघा दुखतो त्याला वजन कमी करायला सांगतात. पण लग्नापासून मला कुणी 'खा' म्हणालं नव्हतं हो! ते ऐकल्यावर शंका विचारत बसायला मी काय वेडी आहे?

तर आहे. ते पुढं येईलच.

घरी आमच्या मालकांनी निकाल दिला, "डॉक्टर म्हणल्या तर घाल तिला. लावणीला उभी राह्यली पायजे." म्हणजे काळजी माझी नाही, लावणीची! पण तूप ते तूपच. कशापायी मिळतंय हे कोण विचारतो?

मला चुलीपुढं बसता येत नव्हतं, म्हणून भाकऱ्या आत्याबाई थापायच्या. तव्यावरची फुगलेली भाकरी थेट माझ्या ताटात! माहेर सोडल्यापासून गरम भाकरी कशी लागते ते विसरलेच होते मी. आमच्यात सगळ्यांची जेवणं उरकली की जे उरेल ते सुनेचं. आता डेअरीला जाणाऱ्या दुधातलं पेलाभर माझं. अंडी माझी. रविवारी पायाचं सूप, तेही माझंच. पहिल्या दिवशी भाकरी मोडली, घास तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं.

"तिकाट झालं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"व्हय," म्हटलं.

गल्लीत बातमी फुटली. शेजारची सुमन बघायला आली. माझ्या ताटातलं अंडं बघून तिचा चेहरा असा झाला, की बास! दुसऱ्या दिवसापासून तीही लंगडायला लागली. आठवड्याभरात आमच्या आळीतल्या निम्म्या सुनांचे गुडघे गेले! मोर्चा निघावा तशा लंगडत पाणी भरायला जायच्या.

आत्याबाई मला दर शनिवारी गिरणीत न्यायच्या आणि धान्याच्या काट्यावर उभी करायच्या. आधी तांदळाचं पोतं, मग मी. गिरणीवाला सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा, "आजी, सून पोत्याच्या म्होरं गेली!" आत्याबाई मान हलवायच्या. घातलेलं अंगी लागतंय म्हणून बऱ्या वाटायच्या, आणि घालावं लागतंय म्हणून कडवट.

आणि व्यायाम? करायचे की. पण पोटभर जेवल्यावर पाय उचलण्यापेक्षा डोळे मिटणं सोपं. मांडी वाळलेली ती वाळलेलीच. पोट मात्र भरलं.

मग आली पुढची तारीख. म्याडमनी हसून विचारलं, "काय काकू, वजन वाढवलं का?"

"लई वाढवलं म्याडम!"

"अरे वा! त्रास नाही ना झाला?"

"सुरवातीला जड गेलं. आता सवय झाली."

"सकाळ-संध्याकाळ करता ना?"

"दुपारी पण!"

"व्वा! आणि सावकाश ना? दुखलं तर थांबता ना?"

"व्हय की. पोट दुखलं की लगेच थांबते."

"पोट?"

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांच्याकडं. आत्याबाई आम्हा दोघींकडं.

म्याडमनी टेबलाखालून एक पिशवी काढली. एवढीशी, मिठाच्या लहान पुडीएवढी, वाळू भरलेली. "काकू, हे वजन! हे घोट्याला बांधायचं आणि पाय उचलायचा. आठवडाभर न दुखता जमलं, तरच चिमूटभर वाळू वाढवायची. सूज आली, की कमी करायची. मी तुम्हाला जेवायला कधी सांगितलं?"

नंतर त्या समजावत होत्या, की खाल्लं ते वाया नाही, अंडी-दूध चांगलंच, बंद करू नका. पण ते ऐकायला आत्याबाई खोलीत होत्या कुठं? त्या कधीच एसटी स्टँडवर पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माझा चहा कोरा झाला. तुपाची बरणी फळीवर गेली, अगदी वरच्या, जिथं दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला चढता येत नाही. आणि मालक शेजारच्या बांधकामावरून वाळू घेऊन आले. घमेलं भरून!

आत्याबाईंनी जुन्या पँटीचा पाय कापून पिशवी शिवली. अन् तूप थेंबा-थेंबानं वाढणारी ती बाई ओंजळी-ओंजळीनं वाळू भरायला लागली.

"आत्याबाई, म्याडम म्हणल्या थोडीच…"

"थोडीनं काय हुतंय? म्हयनाभर काय थोडं खाल्लंस?" मग वाळूकडंच बघत म्हणाल्या, "माजा बी गुडगा दुकायचा. तुज्याएवडी हुते तवा. मला कोन म्हनलं हुतं का, वजन वाडव म्हनून?"

मला इतकी लाज वाटली, की म्हटलं, "घाला." पिशवी घोट्याला बांधली. पाय उचलला. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत पपईएवढा सुजला.

पुन्हा म्याडम. पुन्हा आत्याबाई शेजारच्या खुर्चीवर. म्याडमनी ती पिशवी उचलून बघितली आणि त्यांचाच हात खाली गेला.

"एवढं वजन? कुणी सांगितलं हे?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत होत्या.

"मीच भरलं म्याडम. माझंच चुकलं."

"अहो, तुम्हाला एकदा सांगून कळत कसं नाही?" म्याडम वैतागल्या.

आत्याबाई पुढं सरकून बसल्या. "त्येच तर! लई येडी हाय ओ ही. आमी तरी कुटवर सांगायचं?"

म्याडमनी मान हलवली. आत्याबाईंनी मान हलवली.

आणि सगळ्यात जोरात मान कुणी हलवली असेल? मी!