जिवंत नवऱ्याची विधवा

ग्रीसच्या दक्षिण टोकाला आमचा मानी भाग, इथे माणूस गेला की बायका त्याच्या उशाशी बसून विलाप गातात. पाठ केलेलं चालत नाही. जो समोर निजलाय त्याच्यासाठी तिथल्या तिथे रचायचं, एकदा म्हणायचं आणि त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं. समोरच्या घरातल्या पोलिक्सेनीने मात्र याचा धंदा मांडला.

तिला या धंद्याला लावलं कलामाता शहरातल्या आरिस्तोसने. हा बसमधून माणसं भरून आणायचा. दोन दिवसांत अख्खं द्वीपकल्प गिळणारी माणसं! सकाळी गुहा, दुपारी बंदरावर मासे, साडेतीनला आमचं दुःख, पाचला पुढचं गाव. सुरुवातीला पोलिक्सेनी आपल्या कधीच वारलेल्या आजोबांसाठी गायची. माणसं जांभया द्यायला लागली.

"काकू, आजोबांसाठी कोण रडतं?" आरिस्तोस म्हणाला. "नवऱ्यासाठी म्हणा."

नवरा, लिगेरोस, त्या वेळी आत बसून कॉफीत टोस्ट बुडवून खात होता. पण बाईने काळे कपडे चढवले, दारात स्टूल टाकलं आणि सुरू केलं: "लिगेरा, तू गेलास आणि विहिरीचा दोर आखूड पडला..." आवाज चांगला होता, ते मी नाकारत नाही. बसवाले डोळे पुसायचे, फोटो काढायचे. मी माझी खिडकी धाडकन लावून घ्यायचे.

एकदा ऐन विलापात लिगेरोस बाहेर आला. "अगं, माझा चष्मा कुठाय?"

आरिस्तोसच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हे मयताचे धाकटे भाऊ," तो म्हणाला. चड्डीतल्या एका जाड बाईने लिगेरोसला मिठी मारून सांत्वन केलं, आणि त्या बावळटाने मान डोलावली! त्यानंतर सहा वर्षं तो स्वतःचाच भाऊ म्हणून जगला. कणा नावाची गोष्ट त्या घरात नव्हतीच.

एका संध्याकाळी मात्र त्यांच्या अंगणातलं बोलणं माझ्या कानावर आलं.

"पोलिक्सेनी, मी खरंच गेलो की माझ्यासाठी वेगळं रचशील ना? बसवाल्यांनी न ऐकलेलं?"

"आधी जा तर खरा," ती हसली.

मे महिन्यातल्या एका रविवारी टोमॅटोला पाणी घालताना तो तिथेच कोसळला. आम्ही बायका जमलो. पोलिक्सेनी उशाशी बसली आणि तिने तोंड उघडलं: "लिगेरा, तू गेलास आणि विहिरीचा दोर..."

गावातली सगळ्यात म्हातारी मेताक्सिया, तिने काठी आपटली. "ते नको. ते बसवाल्यांचं उष्टं आहे. त्याचं म्हण."

पोलिक्सेनीने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा दोर. तिसऱ्यांदाही दोरच. मग तिने ओठ दाताखाली धरले आणि त्याच्या चेहऱ्याकडे नुसती बघत राहिली. अशा वेळी शेजारी बसलेल्या बाईने विलाप उचलायचा, अशी आमची रीत. शेजारी मी होते. मी हाताची घडी घालून बसून राहिले. म्हटलं, भोग आता. लिगेरोसला आम्ही विलापावाचून नेला. असा आमच्या गावातून कुणी गेलेला मला आठवत नाही.

गुरुवारी बस आली. मला वाटलं, आता तरी ही लाजेल. कसली लाजते! तेच स्टूल, तेच काळे कपडे. "लिगेरा," तिने सुरुवात केली, आणि पुढचे शब्द कुणी कधी ऐकलेले नव्हते. त्याने अर्धवट बांधून ठेवलेली टोमॅटोची रोपं, झोपेत तिच्या पोटावर टाकलेला त्याचा जड हात, तिच्यासाठी मेल्याचं सोंग निमूट सोसलेली सहा वर्षं. आवाज फाटत होता, ताल चुकत होता. मी माझ्या दारात उभी होते आणि मला हुंदका आवरेना. खरा विलाप होता तो, चार दिवस उशिरा आणि नको त्या माणसांपुढे.

बसवाल्यांनी फोन खाली केले. दोघं-तिघं कुजबुजत बसकडे निघाले. आरिस्तोसने घड्याळ पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकला.

"काकू, आज जरा जास्तच झालं. माणसं घाबरतात. पुढच्या वेळी नेहमीचंच म्हणा."

पोलिक्सेनीने बाहीला नाक पुसलं.

"बरं," ती म्हणाली.