कपाळाचं नाक

नाकाच्या शेंड्यावरची जखम वर्षभर बरी होईना. मिठागरात, उन्हात वाढलेलं तोंड, त्याला एवढंतेवढं व्हायचंच, म्हणून मी खोबरेल चोपडत राहिले. अलिबागच्या डॉक्टरांनी मात्र कातडीचा कॅन्सर सांगून मुंबईला धाडलं. तिथे अर्धं नाक काढलं आणि कपाळाची कातडी खाली वळवून नवं बसवलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई हौशी होत्या. ही विद्या आपल्याकडचीच, म्हणाल्या. जुने वैद्य झाडाच्या पानानं माप घेऊन गालाची कातडी वापरत. पुढे उतरत्या पेशवाईत पुण्याकडच्या एका कारागिरानं मेणाच्या मापानं कपाळाची कातडी काढून नाक घडवलं. इंग्रजांनी ते पाहिलं, विलायतेत छापलं, आणि तिकडचे डॉक्टर त्यावरून शिकले. त्या काळी शिक्षा म्हणून नाकं कापत. त्या बिचाऱ्यांच्या हालांवर माझी सोय झाली. त्या कारागिराला मी रोज हात जोडते.

कपाळापासून नाकापर्यंतचा कातडीचा देठ तीन आठवडे तसाच ठेवायचा, नव्या नाकाला रक्त त्यातूनच मिळतं, हेही बाईंनी बजावलं होतं. मी ऐकलं कुठे? टाके आठ दिवसांत निघतात, हे आमचं शहाणपण. मुलीच्या लग्नात धड नाक हवं म्हणून लग्नाच्या पंधरा दिवस आधीची ऑपरेशनची तारीख मीच हट्टानं मागून घेतली.

त्यामुळे हळदीच्या दिवशी मी ती सोंड घेऊन स्वयंपाकघरात दडले. जन्मभर दुसऱ्यांच्या रूपाला नाक मुरडलं होतं, आता बायकांसमोर जायची लाज वाटत होती. आमच्या घरी नवरी आधी आईला कुंकू लावते आणि मगच हळदीला बसते. माझ्या जागी जावेला बसवा, असा मी निरोप पाठवला.

मुलगी उठून आत आली. म्हणाली, "आये, तुला लावल्याबिगर मी पाटावर बसाची न्हाय."

कपाळाला पट्टी होती, कुंकवाला मनाई होती. तिनं हात धुतले, कोरडे केले आणि रिकामं बोट अलगद नव्या नाकाला टेकवलं.

ते मला लागलं थेट कपाळावर, रोज कुंकू लावते तिथे. कातडी नाकावर आली तरी तिच्या नसा अजून कपाळाच्याच आहेत, हे बाईंनी नंतर समजावलं. तेव्हा मला फक्त रडू आलं.

"लागला," मी म्हटलं. "कपालाला लागला."

मग तिचा हात धरून सोंडेसकट मांडवात गेले आणि तिला पहिली हळद मीच लावली.