हातोदच्या रस्त्यावर गेलेले दिवे

मध्य भारत हे वेगळं राज्य होतं त्या दिवसांत मी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपात मोटरींच्या विजेचं काम करत होतो. वडील संस्थानच्या फौजेत होते. मीही तिथंच लागणार होतो, पण संस्थान विलीन झालं, फौज मोडली आणि मी बॅटऱ्या, डायनामो नि दिवे शिकलो. तीन वर्षांत हात बसला होता. तसं मला वाटत होतं.

एका सरकारी साहेबांची काळी मोटर आमच्याकडे यायची. ड्रायव्हर साठीकडे झुकलेले होते, पूर्वी दरबारच्या मोटरखान्यात होते. मी त्यांना काका म्हणायचो; काम चालू असताना ते गाडीत बसून दरबारच्या गोष्टी सांगायचे. साहेबांना जोरदार आवाजाचे दोन हॉर्न हवे होते. अशा हॉर्नना करंट जास्त लागतो, म्हणून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारं छोटं बटण, घालावा लागतो. मी तो बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर बसवला. हॉर्न वाजवून पाहिले. काका खूष होऊन गेले.

तीन आठवड्यांनी ती मोटर बैलगाडीमागे बांधून आली. डावं मडगार्ड चेपलं होतं. हातोद गावाहून परतताना, दिवेलागणीला, काकांनी ती रस्त्याकडेच्या नाल्यात घातली होती. मागे पेंगत बसलेल्या साहेबांचा हात मुरगळला होता.

"दिवे गेले रे एकदम," काका मला म्हणाले. "दोन्ही. वळण दिसलंच नाही. अन् नाल्यात गेल्यावर आपोआप लागले. साहेब म्हणतात, दिवे जळतायत की, तुझा डोळा लागला."

"आधी कधी गेले होते?"

"एकदा. चाक खड्ड्यात आदळलं तेव्हा. लगेच आले, म्हणून बोललो नाही. पण हे सगळं हॉर्न लावल्यापासूनच."

ते सहज बोलले, माझ्याकडे न बघता. हॉर्न तर मीच लावले होते.

आमच्या उस्तादांनी बटण दाबलं, दिवे लागले. इंजिन चालू केलं, तरी लागलेलेच. "सब ठीक है भिया," ते म्हणाले. "बुढ़ऊ को झपकी आ गई होगी। तू मडगार्ड निकलवा।"

काकांनी टोपी नीट केली आणि पायीच निघून गेले.

पुढचे चार दिवस मी एका जागी बसू शकलो नाही. दुसऱ्या गाडीचा डायनामो खोलायचो नि अर्धवट टाकून त्या मोटरीपाशी जायचो. दिव्यांचं बटण खोलून पाहिलं. सगळे जोड घट्ट केले. दिव्यांच्या मागचा गंज घासून काढला. दिवे लावायचो, बंद करायचो, परत लावायचो. एकदाही गेले नाहीत. जेवायला घरी गेलो की दोन घास खाऊन उठायचो. आई विचारायची, "बरं नाही का तुला?" मी म्हणायचो, काम जास्त आहे.

खरं तर मला दोष सापडायलाही हवा होता आणि सापडू नये असंही वाटत होतं.

पाचव्या दिवशी पत्रेवाला मडगार्ड ठोकायला बसला. मी दिवे लावून ठेवले होते. हातोड्याचा एक दणका जोरात बसला आणि बटणाच्या मागून बारीक टक असा आवाज आला. दिवे गेले. मी बटणाशी कान लावला. थोड्या वेळाने पुन्हा टक झालं नि दिवे आले.

त्या मोटरीत दिव्यांच्या लायनीवर फ्यूज नव्हता. बटणातच एक छोटा कटआउट होता. तार कुठे बॉडीला टेकली की तो तापून लाइन तोडायचा, थंड झाला की आपोआप जोडायचा. त्यामुळे मागे काही खूण राहत नव्हती.

मी दिव्यांची तार दोन्ही टोकांनी सोडवली. टेस्टचा बल्ब बॅटरी आणि ती तार यांच्यामध्ये लावला. आता तार बॉडीला टेकली तरच बल्ब पेटणार होता. पत्रेवाल्याला म्हटलं, "मडगार्ड दबाओ, जोर से।" त्याने दाबलं. बल्ब लुकलुकला. मी तारांच्या जुडीवर बोट ठेवत पुढे सरकत गेलो आणि इंजिनामागच्या पत्र्यापाशी थांबलो.

मी बसवलेल्या रिलेचा एक स्क्रू गरजेपेक्षा लांब होता. आखूड मिळाला नाही म्हणून तोच वापरला होता मी. त्याचं टोक पत्र्यापलीकडे निघून दिव्यांच्या तारेत घुसलं होतं. तारेवरचं कापडी वेष्टण फाटून तांबं दिसत होतं.

मी आखूड स्क्रू लावला, तारेला टेप गुंडाळली. पाच मिनिटांचं काम. पत्रेवाल्याला काही कळलं नव्हतं. तिथंच सोडून दिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं.

स्क्रू खिशात घालून मी सायकल काढली. साहेबांच्या ऑफिसबाहेर काका स्टुलावर बसलेले. गाडीवरून काढून त्यांना फायली पोचवायला लावलं होतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्यांनी स्क्रू हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की लागला असेल डोळा. घरी सगळ्यांना तसं सांगून टाकलं मी."

"चुकलो काका," मी म्हणालो.

"मला काय सांगतोस? आत जा."

साहेबांनी ऐकून घेतलं. हाताला पट्टी होती. "दिवे गेले होते म्हणजे," ते स्वतःशीच म्हणाले. मग कागद पुढे केला, "लिहून दे." मी हिंदीत चार ओळी लिहून सही केली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

उस्ताद मात्र भडकले. सरकारी काम हातचं गेलं तर, म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि महिनाभर मला फक्त बॅटऱ्या चार्ज करायला बसवलं. काम गेलं नाही. पुढच्या सोमवारी काका पुन्हा गाडीवर आले.

ते मोटर आमच्याकडेच आणत राहिले. पण आता बॉनेट उघडलं की गाडीत बसून न राहता माझ्या शेजारी येऊन उभे राहायचे. मी प्रत्येक स्क्रू बसवण्याआधी त्यांना दाखवायचो. ते मान हलवायचे. आधीसारख्या दरबारच्या गोष्टी काही त्यांनी पुन्हा सांगितल्या नाहीत, आणि मीही विचारल्या नाहीत.