कुत्र्याच्या ताटात काय वाढलं?

गुरांच्या डॉक्टरकडे इतके किस्से साचतात कसे, असं मित्र विचारतात. त्याचं असं आहे, बैलाचा मालक रोग सांगतो, औषध घेतो आणि जातो. कुत्र्याचा मालक मात्र बसतो!

सत्तावन्न साली माझी पांढरकवड्याला बदली झाली. बायको बाळंतपणासाठी अमरावतीला, मी ढोरांच्या दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. तेव्हा कुत्रं दवाखान्यात आणणारी माणसं मोजकीच, आणि का कोण जाणे, सगळी एकटी राहणारी. मलाही संध्याकाळी कुठे जायचं नसायचं. मग मीच म्हणायचो, बसा!

*

शाळेत एक मास्तर होते. बायको नाही, मूलबाळ नाही. घरात एक लालसर कुत्री, चंपी. मास्तर भरपूर कांदा घालून झुणका करायचे आणि अर्धा तिला वाढायचे. चंपी गळत चालली. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळसर.

"मास्तर, कांद्याने हिचं रक्त आटतंय. कांदा एकदम बंद!"

"मग मी एकट्यानंच कांदा खाऊ काय?"

त्या दिवसापासून त्यांनी घरात कांदा आणणंच सोडलं. चंपी सावरली. पुढे एका लग्नाच्या पंगतीत मास्तरांनी कांद्याची भाजी परत पाठवली. शेजारचा म्हणाला, "काय मास्तर, माळ घातली काय?"

"नाही जी, कुत्री पाळली!"

*

हैदराबाद रोडवर एक चहाचं हॉटेल होतं. दारात शेरू नावाचा कुत्रा. ट्रक थांबला की ड्रायव्हर बशीभर चहा त्याच्यापुढे ठेवायचा आणि त्याच्याशी बोलत बसायचा. घर सोडून किती दिवस झालेले, बोलायला कुणीतरी हवंच ना! पण ड्रायव्हर रोज नवे, शेरू एकच. तो थरथरायला लागला, छाती नुसती धडधडायची. मी हॉटेलवाल्याला दम दिला. त्याने बोर्ड टांगला, "कुत्र्याला चहा पाजू नये."

दुसऱ्या दिवशी बोर्ड गायब!

"काहून काढला रे?"

"काय सांगू साहेब, उमरखेडचा एक पाव्हना आलता. बोर्ड वाचला अन् म्हने, कुत्र्याले चालत नाही तो चहा आमाले कायले पाजता?"

मग शेरूला मागच्या अंगणात बांधलं. तेव्हापासून ड्रायव्हर लोक उभ्या उभ्या चहा घेऊन निघू लागले.

*

एका हवालदाराने आपलं कुत्रं खांद्यावर टाकून आणलं. पाय लटपटत, डोळे तारवटलेले.

"काय खाल्लं याने?"

"नुस्ती भाकर, साहेब."

मी तोंड हुंगलं. मोहाच्या दारूचा भपकारा!

हवालदार दाराकडे बघत हळूच म्हणाला, "पकडलेला माल होता. मडकं फुटलं अन् यानं चाटून घेतलं."

कुत्रं उबेत ठेवलं, सलाईन दिलं. कुत्रं शुद्धीवर आल्यावर हवालदाराने त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि दारात थांबून विचारलं, "साहेब, कोर्टानं मुद्देमाल मांगतला तर यालेच उभं करू काय?"

*

गावाच्या टोकाला सखूबाई राहायची. मुलगा कामाला नागपूरला. तिचं कुत्रं गूळ खाऊन खाऊन पिंपासारखं झालेलं, चार पावलांत धापा टाकायचं.

"सखूबाई, गूळ बंद."

"करीन बंद. मंग ते माह्यापाशी बसन कायले?"

मी म्हटलं, "पाठ खाजवत जा."

काही दिवसांनी बाजारात भेटली. "दिवसभर खाजवून राह्यली ना बाप्पा! तुमच्यापाशी हात दुखाचं औषध हाय काय?"

*

राळेगावच्या बाजूला नामदेवराव म्हणून एक शेतकरी होते. बायको वारून वर्ष होत आलेलं, मुली सासरी. त्यांचा मोत्या सारख्या उलट्या करायचा, पोट आवळून वाकायचा. औषधाने जरा बरा, की पुन्हा तेच.

"खायला काय देता?"

"भाकर अन् ताक. आनखी काहीच नाही जी."

मोत्या आता वाचायचा नाही, असं वाटायला लागलं. त्यातच त्या गावी बैलांना लस टोचायला गेलो, तर नामदेवरावांनी जेवायला थांबवून घेतलं. आम्ही दोघंच, पण ताटं तीन. तिसरं भिंतीशी, पाटापुढे. त्यात तेलाचा तवंग आलेली मसाल्याची वांगी, भजी, ठेचा.

"हे तिचं," नामदेवराव म्हणाले. "तिले चमचमीत लागे. रोज मांडतो. अन् खरं सांगतो डॉक्टर, रोज ताट रिकामं होते."

जेवून आम्ही हात धुवायला अंगणात गेलो. परत आलो तर ताट लख्ख! मोत्या दाराआड जिभल्या चाटत उभा.

नामदेवराव ताटाकडेच बघत होते. सांगावं तर माणूस मोडतो, न सांगावं तर कुत्रं जातं. शेवटी म्हटलं, "नामदेवराव, वहिनींना आता तेलकट-तिखट सोसायचं नाही. उद्यापासून त्या ताटात साधी भाकर आणि ताक वाढा."

त्यांनी ते रिकामं ताट उचललं. मग म्हणाले, "ताक तिले कधीच आवडलं नाही."

"आता आवडेल."

काही आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी त्यांची बैलगाडी दवाखान्यासमोरून निघाली. मागून मोत्या पळत येत होता, चांगलं अंग धरलेला.

"काय म्हणतं पोट?" मी ओरडून विचारलं.

नामदेवरावांनी गाडी थांबवली. "बरं हाय जी," ते म्हणाले. "दोघंही जेवून राह्यले."