लटारूभाऊंचं जाळं

चंद्रपूरच्या आमच्या वकिली ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठायचे. निकाल लागला की फायली माळ्यावर जात. किस्से मात्र टेबलावरच! माझ्या वाट्याचे बहुतेक एकाच केसचे. सुरुवात झाली रिपोर्टातल्या एका ओळीने: ‘जाळ्यावर सर्वत्र रक्त.’

“सर्वत्र? नऊ हात जाळ्यावर?” मी पुटपुटले.

लटारूभाऊ सावली तालुक्यातले मासेमार. तलावावरून ज्याच्याशी त्यांचं भांडण झालं, तो दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर, बांधावरच, मेलेला सापडला. ते भांडण आणि त्यांच्या जाळ्यावरचा प्रयोगशाळेचा हा रिपोर्ट, एवढ्यावर जन्मठेप! अपील आमच्याकडे आलं होतं.

*

मी नवी ज्युनिअर, त्यात भित्री. फोन खणाणला की हातातला चहा सांडायचा. कारकून नामदेवभाऊ म्हणायचे, “मॅडम, फोन हाय, वाघ नाई!”

एकदा चहा थेट वकालतनाम्यावर. सर शांतपणे म्हणाले, “प्रयोगशाळेत पाठवू नका. रक्त निघेल!”

*

नागपूरच्या जेलात लटारूभाऊंना भेटायला गेले. मागे दार आपटलं आणि मी टुणकन उडाले. तेच मला धीर देऊ लागले, “भेऊ नका बाई, इथी लोकं चांगले हायेत.”

मग हळूच विचारलं, “तलावात पानी किती हाय?”

मला सांगता आलं नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

*

म्हणून पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गावी गेले. आधी तलाव बघितला, मग घर. त्यांची बायको पार्बताबाई अंगणात मोठ्या गंजात काहीतरी ढवळत होती. ओल्या हातानेच तिने मला जवळ घेतलं. पाहते तर पांढऱ्या ओढणीवर लालभडक डाग!

“रक्त!” मी किंचाळले.

पार्बताबाई पोट धरून हसली. “रक्त कायचं बाई! ऐनाच्या झाडाची साल हाय. याच्यात बुडवलं का जाळं सडत नाई. आमच्या घरी धोतर, गमछा, समद्याले हाच रंग!”

“हे कोर्टात का नाही सांगितलं?”

“मले कोनी विचारलंच नाई ना!”

ती ओढणी दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर. आज माझ्या कपाटात आहे. डाग काही गेला नाही.

*

हायकोर्टाने जाळं पुन्हा तपासायला पाठवलं. तेव्हा उघड झालं, की आधी प्रयोगशाळेवाले नुसती प्राथमिक चाचणी करून थांबले होते. सालीच्या रंगानेही ती फसते! रक्ताची खात्री करणारी पुढची चाचणी कोणी केलीच नव्हती. नव्या रिपोर्टात रक्ताचा थेंब नव्हता.

निकाल लागला: निर्दोष!

सर म्हणाले, “फोन तू कर. ओढणी तुझी होती.”

*

गावात फोन एकच, किराणा दुकानात. पार्बताबाई त्याला कधी हात लावायची नाही. शिक्षेची बातमी त्यातूनच आली होती. ती लांब ओट्यावर उभी राहायची, दुकानदार ऐकून तिला सांगायचा.

कोर्टासमोरच्या बूथवरून चारदा लावला. नुसताच वाजत राहिला. पाचव्यांदा कोणीतरी उचलला. बोलेना. नुसता श्वास.

“हॅलो? जरा पार्बताबाईंना बोलवता?”

“मीच हावो बाई. बोला... नव्या जाळ्यासाठी साल उकळाले ठेवली हाय.”