जबाब माझ्याच शब्दांत

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात तयार मालातले दोष शोधायचं काम करते. एका सकाळी कामावर जाताना उलट्या बाजूनं आलेल्या कारनं माझ्या मोटारसायकलला धडक दिली आणि माझा डावा हात मोडला. रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या मावशींनी मला उठवून सावलीत बसवलं.

पंधरा दिवसांनी कारच्या विमा कंपनीचा तपासनीस घरी आला. माझा जबाब त्यानं आधीच टाइप करून आणला होता.

"ताई, फक्त सही करा, म्हणजे क्लेम लवकर निघेल."

मी वाचायला घेतलं. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, 'माझे रस्त्यावर लक्ष नव्हते.'

"हे मी कधी म्हणाले?"

"तसंच लिहायची पद्धत आहे, ताई."

"मग मी माझ्या पद्धतीनं लिहिते," म्हणत मी कोरा कागद घेतला. प्लास्टरमधल्या हातानं तो दाबून धरला आणि घडलं तसं सगळं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मावशींना गाठलं. पोलीस ठाण्याचं नाव काढलं की त्या घाबरतील, असं मला वाटलं होतं.

"साक्ष द्याल का?"

"देते की! उलटा आला व्हता त्यो, म्या पाह्यलं ना. त्यात भ्यायचं काय?"

काही महिन्यांनी कंपनीनं कारचालकाची चूक मान्य केली आणि क्लेम मंजूर झाला. माझ्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या जबाबात त्यांना बोट ठेवायला जागाच सापडली नाही." मला त्याचं नवल वाटलं नाही.