डिंगोऱ्याची लाइन

आमच्या पतसंस्थेच्या सगळ्या शाखा टेलिफोनच्या तारेने नारायणगावच्या मुख्य कचेरीला जोडल्या, तेव्हा त्या जाळ्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी डिंगोऱ्याचा. पुण्यात कॉम्प्युटर शिकलो आणि गावाजवळच खुर्चीतली नोकरी लागली, म्हणून घरचे खूश होते. ओतूर, खोडद, घोडेगाव, डिंगोरे, प्रत्येक शाखेत एक राउटर आणि माझ्या पडद्यावर त्या शाखेच्या नावाचा एक चौकोन. लाइन चालू असली की हिरवा, बंद पडली की लाल.

सुरुवातीचे काही महिने पडदा सारखा लालच असायचा. पुण्याच्या कंपनीचा माणूस सॉफ्टवेअर जसं आलं तसंच बसवून गेला होता. ते प्रत्येक राउटरला नाही नाही ते प्रश्न विचारायचं. किती तापलास, मेमरी किती उरली, कुठल्या बाजूने किती माहिती गेली. ती सगळी उत्तरं लिहून ठेवताना आमच्या कॉम्प्युटरला धाप लागायची. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची, आणि ज्याचं उत्तर वाचायचं राहिलं ती शाखा लाल. शाखांच्या बारीक तारांवर या प्रश्नांचीच एवढी गर्दी, की तिकडे काउंटरवर पासबुक छापायला माणसं ताटकळायची. त्यात लोडशेडिंग. व्यवस्थापक येता-जाता म्हणायचे, “काय राव, तुमच्याकडे रोजच गुलाल.”

मला त्याची लाज वाटायची. मग मी एकेक प्रश्न कमी करत गेलो. कुणी कधी बघत नाही ते विचारणं बंद केलं. डिंगोऱ्याची लाइन ओतूरवरून जाते, म्हणून ओतूर पडलं तर डिंगोऱ्याने वेगळी बोंब मारायची नाही, असं सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं. लोडशेडिंगच्या वेळा भरल्या. जुनी उत्तरं रोजच्या रोज ठेवण्याऐवजी त्यांची सरासरी ठेवली. हळूहळू कॉम्प्युटर दमेनासा झाला. पडदा हिरवा राहू लागला, आणि आता लाल दिसलं की ते खरंच लाल असायचं.

तेव्हाच कळलं, की ओतूरच्या पश्चिमेकडची लाइन दर थोड्या दिवसांनी संध्याकाळी जातेय. शाखा बंद झाल्यावर जायची, त्यामुळे सकाळपर्यंत कुणाला पत्ता नसायचा. टेलिफोनचा लाइनमन म्हणाला, “तार तुटत न्हाई साहेब, कापून नेत्यात. तांब्याला भाव हाय.” व्यवस्थापकांनी मला विचारलं, “लाइन गेली की लगेच कळेल असं काही करता येईल का?” करता येणार होतं. बाकीचे प्रश्न कमी केल्यामुळे कॉम्प्युटरला आता उसंत होती. त्या बाजूच्या राउटरना मिनिटा-मिनिटाला हाक मारायला मी सॉफ्टवेअरला लावलं आणि संध्याकाळी थांबू लागलो. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

एक दिवस दिवेलागणीला डिंगोऱ्याचा चौकोन लाल झाला. ओतूर हिरवं होतं, म्हणजे कापाकापी मधल्या पट्ट्यातच कुठेतरी चालली होती. मी लाइनमनला फोन केला, त्याने पोलिसांना. अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या मोरीखाली, दोघं तार गुंडाळताना सापडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. शाल, श्रीफळ, पेढे. त्यांनी भाषण केलं, माझं कौतुक केलं, मग माझ्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या चालू असताना शेजारी उभा असलेला कॅशियर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, “भाऊ, त्यातला एक तुमच्याच आडनावाचा हाय म्हणं. डिंगोऱ्याचाच.”

मी वयाचा अंदाज विचारला. त्याने सांगितला. त्या वयाचा आमच्या आडनावाचा गावात एकच होता. तो माझा थोरला चुलतभाऊ होता. मी लहान असताना मला विहिरीत पोहायला शिकवणारा, माझ्या बारावीच्या निकालाचे पेढे गावभर वाटणारा. नारळ हातात धरून मी तसाच उभा राहिलो. कुणीतरी “दोन शब्द बोला” म्हणालं. मी “धन्यवाद” एवढंच बोललो आणि शाल काढून घडी करायला लागलो.

कचेरीत दुपारपर्यंत सगळ्यांना समजलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे जरा जास्तच नीट वागायला लागले, आणि चहाला बोलावताना आधी एकमेकांकडे बघायला लागले. चोराचा भाऊ म्हणून लाजावं, की भावाला धरून दिलं म्हणून, हे मला ठरवता येईना. दोन्हींची लाज एकदमच वाटत होती.

रविवारी गावी गेलो. माझे वडील बाहेरच्या ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसले होते, वळलेही नाहीत. चुलती, म्हणजे भावाची आई, आमच्या स्वयंपाकघरात माझ्या आईपाशी बसली होती. मला वाटलं, ती शिव्या देईल. तिने मला बसायला पाट सरकवला आणि विचारलं, “तुझ्या त्या टीव्हीवर त्याचं त्वांड दिसलं व्हतं का रं?”

“नाही काकू. फक्त लाइन कुठं तुटली तेवढं कळतं.”

“मंग त्यो हाय हे तुला ठावं नव्हतं.”

“नव्हतं.”

“आन ठावं असतं तर?”

आईने भाकरी थापायची थांबवली. फोन केला नसता, असं म्हणालो असतो तर चुलतीला बरं वाटलं असतं. केलाच असता, असं म्हणालो असतो तर कदाचित शिव्या द्यायला तरी वडिलांनी मान वळवली असती. मला खरंच माहीत नव्हतं. चुलती पदराने तोंड पुसून उठली. “ऱ्हाऊ दे,” म्हणाली, “जेव तू.”

भाऊ जामिनावर सुटला. केस बरीच वर्षं चालली आणि शेवटी दंडावर मिटली. तो आळेफाट्याला एका गॅरेजमध्ये कामाला लागला. पतसंस्थेने पुढे तांब्याची तार काढून टाकली आणि जमिनीखालून काचेची टाकली, तिला कुणी चोरत नाही. मी पुण्याला मोठ्या कंपनीत गेलो. तिथे देशभरातल्या जाळ्यांसाठी किती मोठा सर्व्हर लागेल, कुठल्या यंत्राला किती वेळाने विचारायचं, हेच ठरवतो. पहिली नोकरी कशी होती असं नवीन लोक विचारतात, तेव्हा मी कॉम्प्युटरला धाप लागायची तिथपर्यंतच सांगतो.

मागे खोडदला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. वाढणारा माझ्यासमोर थांबला, म्हणून वर पाहिलं तर तो. केस पिकले होते. “मठ्ठा घेतो का?” त्याने विचारलं. मी द्रोण पुढे केला. त्याने तो काठोकाठ भरला. “पोरं बरी हायत ना?” म्हणाला. मी हो म्हणालो. त्याच्या पोरांचंही विचारायला हवं होतं, हे सुचलं तोवर तो पुढच्या पानापाशी पोहोचला होता.